पिछाडी नसलेली रणभूमी

रणभूमीला आघाडी असते तशी पिछाडीही असते. आघाडीवर लढायचं, पिछाडीला जेवण, झोप, दारूगोळा आणि दवाखाना. जखमी सैनिकाला लवकरात लवकर मागे आणायचं, याच एका गोष्टीवर युद्धातल्या वैद्यकाची सगळी रचना उभी राहिली. युक्रेनमध्ये ड्रोननी नेमकी ही पिछाडीच पुसून टाकली आहे. ड्रोन म्हटलं की आपल्याला स्फोटाची चित्रफीत आठवते. मला त्याहून भयंकर वाटतं ते स्फोटानंतरचं वाट पाहणं.

२०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानने तुर्की बायरक्तार आणि इस्रायली हारोप ड्रोन वापरून आर्मेनियाचे रणगाडे, तोफा टिपल्या. तिथे निशाण्यावर मुख्यतः यंत्रं होती. २०२२ नंतर युक्रेनमध्ये एकेकटा माणूस निशाण्यावर आला. त्याचं कारण एफपीव्ही, म्हणजे ‘फर्स्ट पर्सन व्ह्यू’ ड्रोन. शर्यतीच्या छंदासाठी बनलेलं हे छोटं यंत्र: चार पंखे, बॅटरी, कॅमेरा आणि खाली बांधलेली स्फोटकं. किंमत काहीशे डॉलर. चालवणारा दूर तळघरात बसून डोळ्यांवरच्या चष्म्यातून ड्रोनला दिसतं तेच पाहत असतो. तोफेचा गोळा ठरल्या जागी पडतो, तिथून हललेला माणूस वाचू शकतो. हा ड्रोन मात्र पळणाऱ्याच्या मागे वळतो, खंदकात उतरतो, उघड्या दारातून आत शिरतो.

पूर्वी निदान अंधाराचा आडोसा असे. पण आपलं शरीर स्वतःच ‘उजळत’ असतं. त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात असते आणि तिची तरंगलांबी साधारण १० मायक्रोमीटरच्या आसपास असते. डोळ्यांना ती दिसत नाही, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला दिसते. थंड रात्री गार मातीवर पडलेला माणूस त्या पडद्यावर लख्ख उठून दिसतो. उष्णता अडवणारं पांघरूण घेतलं तर काही वेळ लपता येतं. मग तेही अंगाच्या उबेने तापू लागतं.

ड्रोनचा रेडिओ संदेश जॅमरने, म्हणजे रेडिओ लहरींत गोंधळ घालणाऱ्या यंत्राने, तोडता येतो. त्यावर उत्तर म्हणून २०२४ पासून काचेच्या तंतूला बांधलेले ड्रोन मोठ्या प्रमाणावर आले. तंतूचं रीळ ड्रोनवरच असतं आणि उडता उडता ते उलगडत जातं. पाव मिलिमीटर जाडीचा हा तंतू १० किलोमीटर आणि त्याहूनही लांब जातो. चित्र आणि हुकूम त्यातून प्रकाशाच्या रूपाने येतात-जातात, त्यामुळे जॅमरला अडवण्यासारखं काही उरतच नाही. आघाडीजवळच्या शेतांत आता असे हजारो तंतू गवतावर पडलेले असतात. सकाळच्या उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यांसारखे चमकतात.

या सगळ्यामुळे आघाडीच्या दोन्ही अंगांना कित्येक किलोमीटर रुंदीचा असा पट्टा तयार झाला आहे, जिथे गाडी नेणं म्हणजे मरण ओढवून घेणं. रस्त्यांवर मांडव घालावा तशी जाळी टांगली आहे. त्यात मासेमारीची जुनी जाळीही आहेत. आघाडीवर जायचं तर शेवटचे कित्येक किलोमीटर पायी, तेही दोघा-तिघांनी, अंतर राखून. एकदा पोचलं की आठवडेच्या आठवडे तिथेच. पाणी आणि खाणंही बऱ्याचदा ड्रोनच टाकतो.

आणि अशा ठिकाणी पायाला जखम झाली तर?

२००९ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अफगाणिस्तानातल्या गंभीर जखमी सैनिकांना ६० मिनिटांत उपचारांपर्यंत पोचवण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर मृत्यूचं प्रमाण घटलं. तिथे आकाश त्यांच्या ताब्यात होतं, हेलिकॉप्टर हवं तिथे उतरू शकत होतं. युक्रेनच्या आघाडीवर हेलिकॉप्टर येऊ शकत नाही. रुग्णवाहिकेवर खूण असली तरी हल्ले होतात. जिनिव्हा करारांनी जखमींना आणि त्यांना उचलणाऱ्यांना दिलेलं संरक्षण असं पायदळी तुडवलं जातंय, याचा संताप यायलाच हवा. तासाभरात व्हायचं ते काम कित्येक तासांवर, कधी काही दिवसांवर जातं.

इथे शरीरशास्त्र आडवं येतं. मांडीतली रोहिणी फुटली तर काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो, म्हणून जखमेच्या वर टूर्निकेट, म्हणजे घट्ट आवळायचा पट्टा बांधतात. रक्त थांबतं. पण पट्ट्याखालचे स्नायूही उपाशी पडतात. दोन तासांनंतर धोका वाढत जातो, सहा तासांनंतर पाय वाचण्याची आशा फारशी उरत नाही. त्यानंतर पट्टा सोडला, तर मेलेल्या स्नायूंमध्ये साठलेलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन रक्तात उसळतं. पहिलं हृदय बंद पाडू शकतं, दुसरं मूत्रपिंडं निकामी करतं. जीव वाचवणारा पट्टा असा उशिरामुळे घातक होतो.

उपाय शोधले जात आहेत. दुरून चालवायचे बसके रोबो-गाडे जखमींना आणतात. त्यावर माणूस एकटाच आडवा असतो. हात धरायला शेजारी कुणी नाही, वर ड्रोन आहे की नाही हेही त्याला कळत नाही. काही ठिकाणी रक्ताच्या पिशव्या ड्रोनने पुढे पोचवल्या गेल्या आहेत.

टूर्निकेट बांधल्याची वेळ त्याच्यावर पेनाने लिहून ठेवण्याची पद्धत आहे. ती लिहायची ती मागच्या डॉक्टरांसाठी. आता ती खंदकातला सोबतीच वाचतो. घड्याळाकडे बघून, दोन तास व्हायच्या आत पट्टा हळूहळू सैल करून जखम नुसत्या दाबपट्टीवर थांबते का, हे त्यालाच पाहावं लागतं.