१२ सागरी मैलांपलीकडील मासेमारी : नोंदणी, परवाना आणि ॲक्सेस पास

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यातील मासेमारी राज्याच्या सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार चालते. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे. कुपा किंवा मोठ्या सुरमईसाठी खोल समुद्रात जाणारी नौका जाता-येता ही हद्द ओलांडते, म्हणून दोन्हीकडची कागदपत्रे नौकेवर असावी लागतात.

पहिला कागद नौका नोंदणी प्रमाणपत्राचा. ही नोंदणी व्यापारी नौवहन कायद्यानुसार होते आणि तिचा अर्ज ‘रिअलक्राफ्ट’ या केंद्रीय पोर्टलवर भरावा लागतो. अर्जदाराचे आधार कार्ड, नौका बांधणाऱ्याचा दाखला, इंजिनाच्या खरेदीचे बिल, नौकेची छायाचित्रे आणि बँकेचे कर्ज असल्यास त्याची कागदपत्रे आधीच जुळवून ठेवावीत. जुनी नौका विकत घेतली असेल, तर मालकी आपल्या नावावर झाल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

नोंदणीनंतर राज्याचा मासेमारी परवाना घ्यावा लागतो. तो मत्स्यव्यवसाय विभागाचे परवाना अधिकारी देतात आणि कोणत्या प्रकारच्या जाळ्याने मासेमारी करायची, हेही त्यानेच ठरते. डिझेलवरील मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्ती मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मिळवायची असेल, तरीही परवाना चालू स्थितीत असावा लागतो. नूतनीकरण लांबवणाऱ्या मालकांनी एवढा एक मुद्दा तरी ध्यानात ठेवावा.

तिसरा कागद नवा आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले असून त्यांनुसार यांत्रिक, म्हणजे आतच कायमचे इंजिन असलेल्या नौकांना आणि बाहेरून मोटार बसवलेल्या मोठ्या आकाराच्या नौकांना ॲक्सेस पास, म्हणजे या क्षेत्रात मासेमारी करण्याची परवानगी, आवश्यक झाला आहे. पारंपरिक आणि लहान मच्छीमारांच्या बिगरयांत्रिक व मोटार बसवलेल्या होड्यांना यातून सूट आहे. पाससाठी शुल्क नाही आणि अर्जही रिअलक्राफ्टवरच करायचा असल्याने दलालाला पैसे देण्याचे काही कारण उरत नाही. मच्छीमार सहकारी संस्थांना या नियमांत प्राधान्य दिलेले आहे. एकट्या मालकाला खोल समुद्रातील नौकेचा खर्च पेलत नाही, हे पाहता ही तरतूद मला फार मोलाची वाटते. परदेशी नौकांना हे क्षेत्र खुले नाही, तर एलईडी दिव्यांच्या प्रकाशात केलेली मासेमारी, बुल ट्रॉलिंग आणि दोन नौकांनी मिळून ओढायचे ट्रॉल (पाण्यातून ओढत न्यायचे पिशवीसारखे मोठे जाळे) यांवर बंदी आहे.

अर्ज अडतो तो बहुधा क्षुल्लक वाटणाऱ्या विसंगतीपायी. आधारवर पूर्ण नाव, बिलावर आडनावाविना नाव आणि जुन्या परवान्यावर वडिलांचे नाव, असे तीन कागद एकत्र आले की अधिकाऱ्याला मालक नेमका कोण ते ठरवता येत नाही. इंजिन क्रमांकाचेही तसेच असते. इंजिनावरील पट्टी तेल आणि रंगाच्या थराखाली दबलेली असते. ती रॉकेलच्या फडक्याने पुसून, क्रमांक स्वतः वाचून बिलाशी ताडून पाहावा आणि त्याचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे.

तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आणि खलाशी यांची ओळखपत्रेही तितक्याच काटेकोरपणे पाहिली जातात. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून आले होते, त्यामुळे समुद्रावरच्या तपासणीत नौकेवरील प्रत्येक माणसाची ओळख पटणे अपरिहार्य आहे. ऐन वेळी बदली खलाशी घेतला, तरी त्याचे कार्ड सोबत असल्याची खात्री तांडेलाने करावी.

दूर जाणाऱ्या नौकेवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारे-घेणारे यंत्र, असणे जिवाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. मोबाइलची रेंज संपल्यावरही त्यावरून वादळाची सूचना मिळते आणि संकटाचा संदेश किनाऱ्यावर पाठवता येतो. रेंजमध्ये असताना तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक उपयोगी पडतात.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढलेली आणि मालक घरी असतो, तेव्हाच हे अर्ज भरावेत, म्हणजे काही त्रुटी निघाली तरी ती हंगाम सुरू होण्यापूर्वी दूर करता येते.