चिकट दालचिनी रोल: साखर कुठे किती आणि का

दालचिनी रोल फसला की पहिला संशय यीस्टवर जातो. यीस्ट जुनं होतं, दूध गरम होतं, म्हणून पीठ फुगलं नाही. कधीकधी ते खरंही असतं, पण या रोलमध्ये यीस्टला सगळ्यात जास्त छळते ती साखर. ती इथे तीन ठिकाणी असते: पिठात, सारणात आणि तळाच्या चिकट थरात. तिन्ही ठिकाणी तिचं काम वेगळं आहे.

तळाशी लोणी-साखरेचा थर, त्यावर रोल, आणि भाजून झाल्यावर भांडं उलटं करायचं, हा प्रकार अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात वसलेल्या जर्मनांकडून आला. त्यांच्या ‘श्नेकन’ या गुंडाळलेल्या गोड बनपासून फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध चिकट बन झाले.

23 सेंटीमीटरच्या चौकोनी भांड्यात नऊ रोल बसतात. त्यासाठी पिठाचं प्रमाण असं: मैदा 400 ग्रॅम, दूध साधारण 270 मिली, साखर 50 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 50 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 6 ग्रॅम, मीठ 6 ग्रॅम. वजनकाटा वापराच. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल, यावर बराच कमी-जास्त होतो.

साखर मैद्याच्या साडेबारा टक्के आहे, आणि ती याच्या फार वर नेऊ नये. थोडी साखर यीस्टला खाद्य म्हणून उपयोगी पडते. ती मैद्याच्या दहा टक्क्यांपुढे गेली की पिठातलं पाणी साखर धरून ठेवते आणि यीस्टच्या पेशींतलंही पाणी बाहेर ओढलं जातं. तग धरण्यासाठी पेशी आतल्या आत ग्लिसरॉल साठवू लागतात. त्यात शक्ती गेली की वायू कमी तयार होतो. म्हणून गोड पीठ साध्या पावाच्या पिठापेक्षा सावकाश फुगतं. ते यीस्ट मेल्याचं लक्षण नाही. रोल आणखी गोड हवा असेल तर साखर सारणात वाढवा, पिठात नको.

दालचिनीही सारणातच. तिचा वास ज्या सिनॅमाल्डिहाइडमुळे येतो, ते बुरशीला मारक आहे आणि यीस्ट ही बुरशीच. पिठात चमचाभर दालचिनी मळली तर फुगणं स्पष्टपणे मंदावतं. बाजारात मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅशिया असते. तिचा झणका या रोलला शोभतो. कोकणात होणारी खरी दालचिनी पातळ पदरांची आणि सौम्य असते. ती वापरली तर प्रमाण थोडं वाढवा.

आपल्याकडच्या मैद्यात प्रथिनं साधारण 9 ते 11 टक्के, म्हणजे पावासाठीच्या खास पिठापेक्षा कमी. त्यामुळे रोल दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. यावर पूर्व आशियातली एक युक्ती फार कामाची आहे. वरच्याच मैद्यातला 20 ग्रॅम 100 मिली दुधात गुठळ्या न होता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. 65 अंशांच्या आसपास मिश्रण घट्ट होतं आणि चमच्यामागे भांड्याच्या तळावर रेघ उमटून राहते. तिथेच थांबा. स्टार्चचे कण फुगून आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतात आणि ते पाणी भाजतानाही सहज सोडत नाहीत. ही खळ पूर्ण गार होऊ द्या. 55 अंशांच्या पुढे यीस्ट मरू लागतं.

खळ, उरलेला मैदा, यीस्ट, साखर, मीठ आणि 150 मिली कोमट दूध एकत्र करा. राहिलेलं 20 मिली लागेल तसं. दूध उकळून गार केलेलं असावं, म्हणजे घरात असतं तेच. कच्च्या दुधातली काही प्रथिनं पावाचा फुगवटा कमी करतात. ती उकळल्यावर बदलतात.

सुरुवातीला पीठ हाताला भयंकर चिकटतं. इथेच बहुतेक जण मैदा भुरभुरतात आणि रोल दगड होतात. साखर पाणी धरून बसलेली असल्यामुळे ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, जुळायला वेळ लागतो. वीस मिनिटं झाकून ठेवा, मग सहा-सात मिनिटं मळा. पीठ एकजीव झाल्यावरच मऊ बटर थोडंथोडं घाला. आधी घातलं तर ते प्रथिनांवर लेप धरतं आणि जाळं नीट विणलं जात नाही. आणखी आठ मिनिटं मळल्यावर एक तुकडा बोटांनी ताणून पाहा. न फाटता उजेड दिसेल इतका पातळ झाला, की मळणं पुरे.

27-28 अंशांत दुप्पट व्हायला तास-दीड तास लागतो. एप्रिलमधल्या नागपुरात त्याच्या निम्म्या वेळातही होईल. घड्याळाकडे नको, पिठाकडे बघा.

सारणासाठी मऊ, पण न वितळलेलं बटर 60 ग्रॅम, ब्राउन शुगर 90 ग्रॅम, दालचिनी पूड 10 ग्रॅम आणि एक चमचा मैदा. हा मैदा महत्त्वाचा. सारणातली साखर शेजारच्या पिठातून पाणी ओढून पातळ होते आणि खाली गळते. मैदा तो ओघळ धरून ठेवतो. पीठ 40 बाय 30 सेंटीमीटर लाटा, सारण पसरा, लांब बाजूने वळकटी करा. फार घट्ट गुंडाळली तर भाजताना मधला भाग वर उसळतो. कापायला सुरी नको, ती पदर चेपते. जाड दोरा वळकटीखालून घ्या, टोकं वर आणून एकमेकांवरून ओढा. काप गोलच राहतो. उकाड्यात बटर सुटत असेल तर कापण्याआधी वळकटी पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

तळाच्या थरासाठी बटर 70 ग्रॅम, ब्राउन शुगर 100 ग्रॅम, मध 40 ग्रॅम आणि चिमूटभर मीठ, साखर ओली होईपर्यंतच गरम करा. मध गोडीसाठी नाही. नुसती साखर गार होताना पुन्हा खडे धरते; मधातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज त्या खड्यांची रचना जुळू देत नाही. पाकात आपण लिंबू पिळतो, त्यामागेही हेच रसायन आहे: आम्लाने साखरेचे हेच दोन भाग होतात. ब्राउन शुगरऐवजी चिरलेला गूळ उत्तम चालतो, मात्र मग साय किंवा दूध घालू नका, फाटण्याची शक्यता असते.

हा थर भांड्याच्या तळाशी पसरा, त्यावर रोल थोडं अंतर ठेवून मांडा आणि पुन्हा फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धाच भरून आला, की ओव्हनमध्ये जायची वेळ झाली. लगेच भरला तर अजून थांबा. भरलाच नाही तर जास्त फुगलंय. असे रोल भाजताना बसतात.

180 अंशांवर 25 ते 30 मिनिटं. लहान ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो आणि साखर-दुधामुळे रंग लवकर येतो, म्हणून वीस मिनिटांनी फॉइल झाका. रंगावर विसंबू नका. मधल्या रोलच्या पोटात थर्मामीटर 90 अंश दाखवायला हवा. कडेचे रोल भाजलेले आणि मधला कच्चा, ही या पदार्थातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

बाहेर काढल्यावर तीन ते पाच मिनिटांत भांडं उलटा. त्याआधी पाक फार पातळ असतो, वाहून जातो. उशीर झाला तर घट्ट होऊन भांड्याला धरतो. तसं झालंच तर भांडं मिनिटभर मंद आचेवर धरा, सुटेल. वितळलेल्या साखरेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, म्हणून दोन्ही हातांत जाड मोजे हवेत.

उरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवू नका. चार-पाच अंशांना स्टार्च सर्वांत वेगाने पुन्हा घट्ट होतो आणि रोल शिळा लागतो. एक-दोन दिवस बंद डब्यात बाहेर राहतात. त्याहून जास्त ठेवायचे तर सुटे गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका आणि खाताना गरम करा. स्टार्च पुन्हा सैल होतो, पण गार झाला की आधीपेक्षा कडक, म्हणून हवा तेवढाच गरम करा.