बँजोवर वैतागलेली पब्लिक आणि त्याआधीचा अविची

मार्च २०१३, मायामीचा अल्ट्रा फेस्टिव्हल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा मोठा मेळा. समोर नाचायला आलेली गर्दी आणि स्वीडिश डीजे अविचीने स्टेजवर आणले काय तर गिटार, बँजो (अमेरिकी लोकसंगीतातला) आणि गाणारी जिवंत माणसं! ड्रॉप (बीट जोरात कोसळते ती जागा) कुठाय म्हणत पब्लिक वैतागली, ऑनलाइन तर नुसती चेष्टा चालली होती. त्याच सेटमधलं 'वेक मी अप' जूनमध्ये रिलीज झालं आणि मग लग्नाच्या वरातीपासून जिमपर्यंत सगळीकडे तेच.

पण हे अचानक सुचलेलं नव्हतं. अविचीचं खरं नाव टिम बर्गलिंग, जन्म १९८९, स्टॉकहोम. अवीची म्हणजे बौद्ध ग्रंथांतला सगळ्यात खालचा नरक, मायस्पेस या सोशल साइटवर ते नाव आधीच कोणीतरी घेतलेलं म्हणून याने शेवटी एक 'आय' जास्तीचा चिकटवला (आपलाच शब्द, स्वीडनहून फिरून आलेला). घरी बसून एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर काम, म्हणजे स्क्रीनवरच्या चौकटींत माऊसने एकेक सूर ठेवत जायचं. आधी चाल, बाकी सगळं नंतर. माझ्या मते त्याचं सगळं गणित इथेच आहे, कारण त्याचं कुठलंही गाणं बीट काढून नुसतं पियानोवर वाजवलं तरी ओळखू येतं, हे किती डीजेंबद्दल म्हणता येईल?

२००८ च्या सुमारास अ‍ॅश पुर्नौरी मॅनेजर म्हणून भेटला आणि गाडी सुसाट सुटली. त्याच्या 'लेव्हल्स' या गाण्यात अमेरिकन गायिका एटा जेम्सच्या १९६२ च्या गाण्यातला आवाज उचललाय. ते ऑक्टोबर २०११ मध्ये रिलीज झालं, पण त्याआधी कित्येक महिने सेटमध्ये वाजत होतं, इतकं की तोच तुकडा घेऊन केलेलं रॅपर फ्लो रायडाचं 'गुड फीलिंग' त्याच्या आधी बाजारात आलं!

शो, विमान, दारू, परत शो. २०१२ च्या सुरुवातीला बाविसाव्या वर्षी स्वादुपिंडाला सूज येऊन हॉस्पिटलमध्ये, २०१४ मध्ये पित्ताशय काढलं, त्या वर्षीचं अल्ट्रा हुकलं. तरी दौरे चालूच. शेवटी २०१६ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की आता लाइव्ह बास, आणि ऑगस्टमध्ये इबिझाला शेवटचा शो केला. स्टुडिओ मात्र सोडला नाही.

एप्रिल २०१८ मध्ये मस्कतला त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि बरीच गाणी अर्धवट होती, ती सोबतच्या लोकांनी पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी 'टिम' नावाने अल्बम आला. स्टॉकहोममधलं ते चेंडूसारखं पांढरं, गोल स्टेडियम आहे ना, २०२१ पासून त्याचं नाव अविची अरेना.