यादीतून विंडोज गायब झालं तर

विंडोज असलेल्या संगणकावर लिनक्स बसवावं, संगणक पुन्हा सुरू करावा आणि समोर आलेल्या यादीत विंडोजचं नावच नसावं! अशा वेळी पोटात गोळा येतो. पण इन्स्टॉल करताना अख्खी डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला नसेल, तर विंडोज बहुधा जागच्या जागी सुखरूप असतं. फक्त त्याच्याकडे नेणारी वाट तुटलेली असते. ती जोडता येते, पण त्यासाठी संगणक सुरू होताना काय घडतं हे ठाऊक हवं.

मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, म्हणजे फर्मवेअरच्या, जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सगळं मावावं लागे. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, तक्त्याला आणि २ बाइट ओळखखुणेला जात. प्रणाली सुरू करून देणाऱ्या बूटलोडर या प्रोग्रॅमच्या पहिल्या टप्प्यासाठी फार तर ४४६ बाइट उरत, म्हणजे जागा एकाचीच. लिनक्सनंतर विंडोज बसवलं की ते ती जागा बळकावे आणि लिनक्स सुरूच होईना. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा सल्ला त्या काळातला. तो आजही सोयीचा आहे, पण तेव्हाइतका अटळ राहिलेला नाही.

कारण बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय या नव्या पद्धतीने हे भांडण बरंचसं मिटवलं. इथे डिस्कवर ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाचा लहानसा विभाग असतो, सहसा फॅट३२ स्वरूपाचा. त्यात मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर राहतो आणि उबुंटूच्या (हा लिनक्सचा एक प्रकार) फोल्डरमध्ये ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर. आधी कोणाला सुरू करायचं, तो क्रम मदरबोर्डवरच्या मेमरीत नोंदलेला असतो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ग्रब दिसेनासा झाला, तर पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नये. आधी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन हा क्रम पाहावा. पुष्कळदा तेवढाच बदललेला असतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांभाळायची. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलेलं असेल, तर लिनक्सचा पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करायचा. एक जुन्या आणि एक नव्या पद्धतीने बसलं, तर ग्रबला विंडोजकडे सूत्रं सोपवता येत नाहीत.

ग्रब विंडोजचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः सुरू करत नाही. तो विंडोजच्या बूट मॅनेजरची फाइल चालवतो आणि बाजूला होतो. याला चेनलोडिंग म्हणतात. ही फाइल शोधून यादीत आणायचं काम ओएस-प्रोबर नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून तो मूळ सेटिंगमध्ये बंद असतो, कारण इतर प्रणाली शोधण्यासाठी त्याला अनोळखी पार्टिशनही उघडून पाहावी लागतात आणि त्यात सुरक्षेचा धोका आहे. यादीत विंडोज न दिसण्याचं हे आज नेहमी आढळणारं कारण. उपाय साधा आहे: ईटीसी डिरेक्टरीतल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये ग्रब नावाची फाइल असते, तिच्यात ओएस-प्रोबर 'डिसेबल' करणाऱ्या पर्यायाची किंमत 'फॉल्स' करायची. मग उबुंटू किंवा डेबियनवर अपडेट-ग्रब ही आज्ञा द्यायची. ग्रबची अंतिम कॉन्फिग फाइल हाताने बदलू नये. पुढच्या अपडेटमध्ये ती नव्याने तयार होते आणि आपली दुरुस्ती पुसली जाते.

लिनक्स बसवण्याआधी, विंडोजमध्ये असतानाच, दोन कामं उरकावीत. बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवावी. सुरू होण्याची साखळी बदलली हे टीपीएम या सुरक्षेच्या चिपच्या मोजमापातून कळलं, तर विंडोज ती की मागतं. की नसेल तर डेटा समोर असूनही कायमचा कुलूपबंद होतो. या एका बाबतीत 'नंतर बघू' म्हणू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

दुसरं काम फास्ट स्टार्टअप बंद करण्याचं. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीत 'शट डाउन' केलं तरी कर्नलची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि विंडोजची पार्टिशन अर्धवट वापरात असल्यासारखी राहते. लिनक्स मग त्यावर लिहायला नकार देतं, आणि ते योग्यच आहे. जबरदस्तीने लिहिलं तर फायली बिघडू शकतात.

दोन्ही प्रणाली नीट सुरू झाल्यावर घड्याळ चुकीचं दिसलं तर दचकू नये. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानतं, लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, एक नोंद करून त्यालाही यूटीसी मानायला लावता येतं. लिनक्सला स्थानिक वेळेवर आणण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या प्रदेशांत नाहीतर दोन्ही प्रणाली तेच घड्याळ दोनदा सरकवतात.