लहानपणी मणक्याला मार, आता वय 18: खान्देशातल्या मुलामुलींनी कोणते कागद कोणत्या क्रमाने काढावेत

आठ वर्षांचा असताना मी धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट छतावरून, पडलो. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळं घर रात्री धाब्यावर झोपायला जातं, त्यात नवल काही नाही. कमरेखालचं सगळं तेव्हापासून बंद आहे. आज व्हीलचेअरवर बसून मी इतरांचे अर्ज भरून देतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की चोपड्याकडून, शहाद्याकडून, साक्रीकडून कुणी ना कुणी बाप प्लास्टिकची पिशवी घेऊन येतोच. "भाऊ, पोरगा अठराचा झाला, आता काय करायचं?"

पिशवीत कागद भरपूर असतात. पण दाखल्यावर फोटो आठ वर्षांच्या मुलाचा, सही वडिलांची, मोबाइल नंबर बंद पडलेला, आणि दाखल्याच्या खाली बारीक अक्षरात मुदत, तीही उलटून गेलेली. लहानपणी ज्याला मार बसतो त्याची सगळी फाइल आईबापाच्या नावाने चालते. 18 पूर्ण झाल्यावर ती फाइल स्वतःच्या नावाने नव्याने उभी करावी लागते. कामं चार-पाचच आहेत, पण क्रम चुकला की प्रत्येक काम दोनदा होतं.

आधी एक गैरसमज. बँकेत किंवा तहसीलमध्ये कुणीतरी हमखास सांगतं, "मुलगा अपंग आहे ना, मग कायदेशीर पालकत्वाचा दाखला आणा." तो दाखला 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळतो आणि त्या कायद्यात चारच प्रकार येतात: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व. मणक्याची नस दबून पाय गेले, हात गेले, तरी डोकं शाबूत आहे. 18 नंतर तुमचे व्यवहार तुम्हीच करायचे. त्याच कायद्याखालच्या निरामय आरोग्य विमा योजनेतही याच कारणाने आपण बसत नाही, तेव्हा त्या अर्जावर पैसे घालवू नका. पडताना डोक्यालाही मार लागून बौद्धिक दिव्यांगत्व आलं असेल तर गोष्ट वेगळी.

मानेच्या मणक्याला इजा असेल आणि सही जमत नसेल तर अंगठा चालतो. अंगठाही उठत नसेल तर बँकेत पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. रिझर्व्ह बँकेनेच बँकांना तसं सांगून ठेवलं आहे. काउंटरवरच्या मुलाला हे ठाऊक नसेल तर शाखाधिकाऱ्यापर्यंत जा, चिडू नका.

आता क्रम.

सगळ्यात आधी नाव आणि आधार. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि रेशनकार्ड या तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अक्षर न् अक्षर एकच हवं. आपल्याकडे शाळेत "पाटील", आधारवर दुसरंच काही, रेशनकार्डावर घरातलं लाडाचं नाव, असे प्रकार फार. पुढचे सगळे अर्ज आधारवरूनच उचलले जातात, म्हणून दुरुस्ती इथेच करा. 15 व्या वर्षी आधारला बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा द्यावे लागतात. आपल्यातल्या कित्येकांचं ते राहून गेलेलं असतं, कारण केंद्रापर्यंत उचलून न्यायला त्या दिवशी कुणी नव्हतं. बोटं आखडलेली असतील तर डोळ्यांच्या स्कॅनवर भागतं. आधारला मोबाइल स्वतःचा जोडा, ओटीपी वडिलांच्या फोनवर शेतात जाता कामा नये. लगेच बँकेत जाऊन अल्पवयीन खातं प्रौढ खात्यात बदलून घ्या, नव्या सहीसह, आणि आधार खात्याला जोडा. सरकारी पैसा आता थेट तिथेच पडतो.

दुसरं काम युडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र. ज्यांच्याकडे जुना हाताने लिहिलेला किंवा एसएडीएम या राज्याच्या जुन्या संगणक प्रणालीतला दाखला आहे त्यांनीही हे करायचं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइनच होतो. गावातल्या सेवा केंद्रातून करून घेता येतो. आधार, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा आणि असतील ते दवाखान्याचे कागद, एवढं लागतं. प्रकारात लोकोमोटर निवडा, मराठी कागदावर त्यालाच अस्थिव्यंग लिहितात. आधीच कार्ड असेल तर नवा अर्ज न करता नूतनीकरण किंवा माहिती अद्ययावत करण्याचा पर्याय घ्या. दोन नंबर झाले तर तेच निस्तरण्यात वर्ष जातं. रुग्णालय आपल्याच जिल्ह्यातलं निवडायचं. 2024 च्या सुधारित नियमांप्रमाणे तपासणी करून दाखला द्यायला तीन महिन्यांची मुदत आहे. बोलावणं आल्यावर तुम्ही गेलाच नाहीत आणि अर्ज दोन वर्षं पडून राहिला तर पुन्हा नव्याने अर्ज करावा लागतो.

तपासणीच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी वर्षं त्या दिवशी लिहिलेल्या दिव्यांगत्वाच्या टक्क्यांवर चालतात. कोणत्या वारी अस्थिव्यंगाची तपासणी असते ते आधी फोन करून विचारा. धडगावहून घाट उतरून नंदुरबारला यायचं आणि "आज कान-नाकवाले आहेत" हे ऐकून परत जायचं, हे मी पाहिलं आहे. सकाळी लवकर पोहोचा. बसायची गादी घरून न्या, बाकड्यावर बसू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचला. दाखल्याच्या रांगेत बसून बसून दाबाने झालेली जखम भरायला तीन महिने लागतात, आणि तिथे संवेदना नसल्याने ती तुमच्या लक्षात येते रात्री, घरी गेल्यावर. लघवीची नळी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. रांग मोठी आहे म्हणून पाणी पिणं बंद करू नका, लघवीचा संसर्ग त्यानेच होतो.

डॉक्टरांसमोर आई बोलू लागते. "मना पोऱ्याले चालता येत नही, आनखी काय सांगू?" तिचं चुकत नाही. पण चालता येत नाही हे डॉक्टरांना दिसतंच. न दिसणारं सांगायचं असतं, आणि ते तुम्ही स्वतः सांगा. लघवी आणि शौचावर ताबा नाही, नळी घालावी लागते, हे संकोच न करता बोला. मज्जारज्जूच्या इजेत मूत्राशयाच्या त्रासाचं मोजमाप वेगळं होतं. ते सांगितलंच नाही तर टक्के कमी पडतात. मुलींनी तर हे खास ध्यानात ठेवावं, त्या लाजून गप्प बसतात आणि दाखला अर्धाच होतो.

लहानपणच्या इजेची आणखी दोन वैशिष्ट्यं आहेत. एक म्हणजे मुलांचा कणा लवचीक असतो, त्यामुळे हाड न मोडताही आतल्या मज्जारज्जूला इजा होऊ शकते. एक्सरे साफ दिसतो. "फ्रॅक्चर कुठे आहे?" असा प्रश्न आला तर उत्तर एमआरआयमध्ये आहे. म्हणून पहिल्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा रिपोर्ट शोधून न्या. दुसरं, वाढीच्या वयाआधी मार बसलेल्या बहुतेक मुलांचा कणा पुढे वाकत जातो, खुबेही सरकतात. आठव्या वर्षी मिळालेले टक्के विसाव्या वर्षी खरे राहत नाहीत. जुना दाखला दाखवून "तेवढेच लिहा" म्हणू नका, नव्याने तपासून घ्या.

दाखला हातात आला की तिथेच दोन गोष्टी वाचा: टक्के, आणि "कायम" की "तात्पुरता". इतक्या वर्षांत पायात काही आलं नसताना तात्पुरता लिहिला असेल तर नम्रपणे कारण विचारा. टक्के मान्य नसतील तर 90 दिवसांत अपील करता येतं. अर्ज फेटाळला असेल तर कारण लेखी मागा, ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो: 40 च्या आत पांढरा, 40 ते 80 च्या आत पिवळा, 80 आणि वर निळा.

40, 65 आणि 80 हे तीन आकडे पाठ करून ठेवा. 40 ला बहुतेक सगळ्या योजनांचं दार उघडतं. 65 च्या वर एसटीत सोबत्यालाही सवलत मिळते. 80 ला केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन आणि मोटार लावलेली तीनचाकी.

तिसरं काम संजय गांधी निराधार अनुदान योजना. वय 18 ते 65 च्या आत, दिव्यांगत्व किमान 40 टक्के, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत. 2025 मध्ये दिव्यांगांसाठी महिन्याचं अनुदान 1,500 वरून 2,500 रुपये करण्यात आलं. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेवा केंद्रातून. जोडायचं ते असं: युडीआयडी आणि दाखला, वयाचा व रहिवासाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक, फोटो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल लागतो. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठी आप्पाच चालतं. गाडी बहुतेक इथेच अडते. केळीचं किंवा कपाशीचं शेत आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर सगळ्या काकांची नावं, आणि अहवालात सगळ्यांचं उत्पन्न एकत्र. घरात हिस्से वेगळे असतील, रेशनकार्ड वेगळं असेल तर ते अहवालाआधी दाखवा. अहवाल गेल्यावर रडून उपयोग नाही. खोटा आकडा मात्र लिहून घेऊ नका. फसवणुकीने दिव्यांगांचा लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे.

अर्जाची पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख बघा. मंजुरी समितीच्या बैठकीत होते, तिला वेळ लागतो. माझा स्वतःचा पहिला अर्ज एका कार्यालयात हरवला होता. पोच नव्हती, म्हणून अर्ज केलाच नव्हता असं ठरलं. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, नाहीतर पैसे मुकाट्याने बंद होतात. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव आणि 80 टक्के असतील तर केंद्राच्या निवृत्तिवेतनाचं त्याच शाखेत विचारा.

प्रवासाचं थोडक्यात. एसटीत दिव्यांगाला 75 टक्के आणि 65 च्या वर असेल तर सोबत्याला 50 टक्के सवलत. सोबत आई किंवा बहीण असेल तर 2023 पासून बायकांना तसंही अर्धं तिकीट आहेच, त्या अटीचं महत्त्व वडील किंवा भाऊ सोबत असला की. बसची पायरी चढायची सवलत मात्र अजून कुणी दिलेली नाही, तिथे कंडक्टर आणि दोन प्रवासी लागतात.

रेल्वेसाठी नुसतं निळं कार्ड दाखवून सवलत मिळेल असं धरू नका. रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सरकारी डॉक्टरांचा दाखला घ्या. त्यात "सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही" हे वाक्य खोडलेलं नाही ना, बघा. सवलत त्या वाक्यावर आहे. स्लीपर आणि थ्री एसीला 75 टक्के, टू एसीला 50, सोबत्यालाही तेवढीच. मग रेल्वेच्या दिव्यांगजन पोर्टलवर ओळखपत्रासाठी अर्ज. जळगाव, चाळीसगाव, धुळ्याकडच्यांना भुसावळ विभाग. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही स्टेशनं सुरत मार्गावरची, म्हणजे पश्चिम रेल्वेची. अर्जात स्टेशन निवडताना लोक इथे गोंधळतात. कायम दिव्यांगत्व असलं तरी रेल्वेचा दाखला 25 वर्षांपर्यंतच्यांना पाच वर्षांचा, 26 ते 35 पर्यंत दहा वर्षांचा आणि त्यापुढे आयुष्यभराचा असतो. अठराव्या वर्षी काढलेला तेविसाव्या वर्षी संपतो, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

व्हीलचेअरसारख्या साधनांसाठी केंद्राची ॲडिप योजना आहे. महिन्याचं उत्पन्न 22,500 पर्यंत असेल तर साधन मोफत, 30,000 पर्यंत अर्ध्या किमतीत. तीन वर्षांत एकच साधन दुसऱ्यांदा मिळत नाही. शिबिरात घाईने मिळेल ती खुर्ची घेऊ नका. बैठक रुंद असली तर वाकलेला कणा आणखी वाकतो आणि पुढची तीन वर्षं तीच खुर्ची. मोजमाप द्या, आणि माप नसेल तर पुढच्या शिबिराची वाट बघा, असं माझं मत. लोक यावर माझ्याशी भांडतात.

गावातल्या 5 टक्के निधीचंही विसरू नका. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तोंडी मागणी केली तर "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळतं. लेखी अर्ज द्या, युडीआयडीची प्रत जोडा, आणि काय हवं ते नेमकं लिहा: घराच्या दाराशी उतार, संडासाला धरायची दांडी, पाण्याची गादी.

कॉलेजला जाणार असाल तर सरकारी आणि अनुदानित संस्थांत 5 टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट आहे. हाताने लिहिता येत नसेल तर लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, त्याचा वेगळा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासणीच्याच दिवशी मागून घ्या, म्हणजे दुसरी खेप वाचते.

आणि मतदार यादीचा नमुना 6 भरताना दिव्यांगत्वाचा रकाना भरा. तो भरला असला की 40 टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्यांना नमुना 12 डी देऊन घरूनच मत देता येतं. मी मात्र अजून शाळेतल्या केंद्रावरच जातो. रॅम्प नीट केलाय की नाही ते बघायला कुणीतरी जायला हवं.