डायव्हिंगसाठी कॅमेरा घेताय? आधी हाउसिंग बघा, मग कॅमेरा

नमस्कार. अंदमान, नेत्राणी, तारकर्ली, गोवा, लक्षद्वीप, कुठंही डायव्हिंगचं ठरवून जे आमच्या नागपूरच्या सीताबर्डीतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात येतात त्यांच्यासाठी हा कागद आहे. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की रोज कोणी ना कोणी तेच प्रश्न विचारून राहिलं, आणि शनिवारच्या गर्दीत काउंटरवर उभ्याउभ्या हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून काढलं. मेगापिक्सेल, आयएसओ वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो, त्यावर वेळ घालवत नाही.

सगळ्यात मोठा घोळ पहिले सांगतो. लोक कॅमेरा आधी घेतात. ऑनलाइन सेल लागला, रिव्ह्यू चांगला वाटला, घेऊन टाकला, आणि मग फ्लाइटला चार दिवस उरले असताना डबा हातात घेऊन येतात की भाऊ याचं वॉटरप्रूफ कव्हर द्या. भाऊ, ताई, असं एक कव्हर सगळ्यांना बसत नाही. हाउसिंग ही त्या एका मॉडेलसाठी बनवलेली पेटी असते, कॅमेऱ्याच्या प्रत्येक बटणासमोर पेटीचं बटण, प्रत्येक डायलसमोर डायल, लेन्ससमोर बरोब्बर तेवढीच काच. बटण दोन मिलिमीटर सरकलं की खाली गेल्यावर शटर दाबलं जात नाही. कॅननचंच घ्या. जी७एक्सला डब्ल्यूपी-डीसी५४ लागते आणि जी७एक्स मार्क टूला डब्ल्यूपी-डीसी५५, दिसायला कॅमेरे भाऊभाऊ पण पेटी अदलाबदल होत नाही, आणि मार्क थ्री घेतला तर फँटासीसारख्या दुसऱ्या कंपन्यांकडं बघावं लागतं जिथं कधीकधी पेटीच कॅमेऱ्याच्या किमतीला जाऊन भिडते. त्यात आता कॉम्पॅक्ट कॅमेरे कमी झाले, जुन्या मॉडेलची हाउसिंग कंपन्या बनवणं थांबवतात, कॅमेरा मिळतो पण पेटी मिळत नाही. मग सेलमध्ये वाचवलेले पैसे कुठं गेले?

म्हणून क्रम उलटा करा. आधी किती खोल जाणार ते ठरवा, मग त्या खोलीची हाउसिंग आज खरंच मिळते का ते बघा, आणि तिच्या आत बसतो तो कॅमेरा घ्या.

खोलीचं गणित सोपं आहे. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे वर १, १० मीटरवर २, ३० मीटरवर ४. कोर्स न करता जी पहिली डाइव्ह करवतात, ज्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून नेतो, ती जास्तीत जास्त १२ मीटरची असते. ओपन वॉटर कोर्स झाला की १८, अ‍ॅडव्हान्स्ड झाला की ३०, आणि हौशी डायव्हिंगची हद्द ४०. तुम्ही यातले कोण हे आम्हाला आल्याआल्या सांगा, बजेट नंतर विचारू.

आणि जे पहिल्यांदाच जाऊन राहिले त्यांना आमचा सल्ला असा की कॅमेरा घेऊच नका. बरीच सेंटर पहिल्या डाइव्हला कॅमेरा हातात देत नाहीत, आणि ते बरोबर आहे, श्वास, कानाचं प्रेशर, मास्क यातच सगळं लक्ष जायला पाहिजे. त्यांचा माणूस फोटो-व्हिडिओ काढून देतो. ज्याला अजून पाण्यात एका जागी स्थिर थांबता येत नाही तो फोटोच्या नादात प्रवाळावर पाय मारतो, आणि ते प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षंच्या वर्षं लागतात. कोर्स करून या, मग आम्ही मनापासून मदत करू. यात आमची विक्री जाते हे कळतं, पण तोच माणूस परत येतो हेही आम्ही बघतो.

आता मोबाइल. माझा फोन आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी अडवणाऱ्या रेटिंगचा आहे, चालेल ना, हा प्रश्न रोज येतो. नाही चालणार. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या बहुतेक मॉडेलला ॲपल स्वतः ६ मीटर आणि ३० मिनिटं सांगते, तेही खारं पाणी सोडून, आणि आत पाणी गेलं तर ते वॉरंटीत बसत नाही. शिवाय पाण्याखाली टचस्क्रीन काम करत नाही. प्लास्टिकचं पाउच गळ्यात अडकवून बोटीवर बसायला ठीक, डायव्हिंगला नाही.

मग घ्यायचं काय? ज्यांना एकच कॅमेरा पाहिजे आणि फार डोकं लावायचं नाही त्यांना आम्ही बहुतेक वेळा ओएम सिस्टिमचा टीजी-७ दाखवतो, म्हणजे पूर्वीच्या ऑलिंपस टफचा पुढचा. तो पेटीशिवाय १५ मीटर चालतो आणि पीटी-०५९ हाउसिंगमध्ये घातला की ४५ मीटर. त्याची खरी मजा मॅक्रोमध्ये, म्हणजे बारीक जिवांचे अगदी जवळून फोटो काढण्यात आहे, लेन्सपासून १ सेंटीमीटरवर फोकस होतो, न्युडीब्रँक (रंगीत समुद्री गोगलगायी), छोटे झिंगे, प्रवाळातले बारीक मासे असे काढतो की घरचे विचारतील हे कुठल्या ग्रहावरचं. रॉ फाइल, म्हणजे नंतर रंग सुधारता येतील असा कच्चा फोटो मिळतो, आणि पाण्यासाठी वेगळे व्हाइट बॅलन्स आहेत, उथळ, मध्यम, खोल. आणि एक गोष्ट जी आम्ही लपवत नाही: २०१९ चा टीजी-६ आणि २०२३ चा टीजी-७ यांची इमेज क्वालिटी जवळपास सारखीच आहे, दोन्ही १२ मेगापिक्सेल, आणि हाउसिंगही तीच पीटी-०५९. चांगल्या हालतीतला वापरलेला टीजी-६ मिळाला तर बिनधास्त घ्या, आमच्याकडंही अधूनमधून येतात, नाव लिहून ठेवा.

सेन्सर छोटा आहे, त्यामुळं अंधाऱ्या पाण्यात फोटो खरखरीत होतो हे मान्य. ज्यांना त्याच्या वर जायचं आहे त्यांनी एक इंची सेन्सरवाला सोनी आरएक्स१०० घ्यावा, सोनीची स्वतःची पेटी ४० मीटरची आहे. पण खर्च, वजन, शिकायचा वेळ सगळंच वाढतं. ज्यांना फक्त व्हिडिओ पाहिजे त्यांना गोप्रो पुरतो, नुसता १० मीटर आणि डाइव्ह हाउसिंगमध्ये ६० मीटर, फक्त बारीक जिवांचे फोटो त्यातून मागू नका. आणि झाकणाची रबरी रिंग, दरवाजा या भानगडीचीच ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी सीलाइफ मायक्रो ३.० आहे, त्याला उघडायला झाकणच नाही, मेमरी आत ६४ जीबी, ६० मीटरपर्यंत जातो. फोकस फिक्स, म्हणून मॅक्रो नाही.

झूम किती, हे आपल्याकडं सगळ्यात जास्त विचारतात. ताडोबा-पेंचची सवय आहे, वाघ लांब असतो, म्हणून ६०० मिलिमीटर पाहिजे. पाण्याखाली हे सगळं उलटं आहे. तुमच्या आणि माशाच्या मध्ये जितकं पाणी तितका फोटो निळा आणि धुरकट, झूम केला तर ते मधलं पाणीही मोठं होऊन येतं. जवळ जायचं, हातभर अंतरावर, आणि लेन्स वाइड ठेवायची. त्यात सपाट काचेतून पाण्याखाली सगळं साधारण एक तृतीयांशानं मोठं दिसतं, म्हणजे तुमची वाइड लेन्स आपोआप थोडी कमी वाइड होते. म्हणून बॉक्सवर मोठा झूम लिहिलेला बघून कॅमेरा उचलू नका, वाइडला किती आहे ते बघा, २४-२५ मिलिमीटर असेल तर उत्तम.

रंगाचंही बरेच जण येऊन भांडतात, की कॅमेरा खराब दिला, सगळे फोटो हिरवे-निळे आले. कॅमेरा चांगला आहे. पाणी लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच बहुतेक सगळा खाऊन टाकतं, मग नारिंगी, मग पिवळा, उरतो तो निळा. उपाय दोन: व्हाइट बॅलन्स खोलीप्रमाणं बदलत राहा आणि रॉमध्ये काढा, नाही तर उजेड सोबत न्या. पण कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश सरळ मारू नका, तो लेन्सला चिकटून असतो, पाण्यातले सगळे कण उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. तारकर्ली-मालवणला पाणी अंदमानइतकं स्वच्छ नसतं, तिथं तर हे नक्की होणार. टॉर्च किंवा स्ट्रोब (वेगळा पाण्याखालचा फ्लॅश) हातभर दांड्यावर बाजूला धरायची, आणि रंग सुधारायला लेन्सवर लाल फिल्टर लावला असेल तर टॉर्च बंद. छोटी डाइव्ह टॉर्च आणि कॅमेरा-टॉर्च बसवायचा ट्रे आमच्याकडं भाड्यानंही मिळतो, पहिल्या ट्रिपला विकत घ्यायची गरज नाही.

आता हाउसिंगमध्ये पाणी का जातं ते, आणि हे मात्र दोनदा वाचा. पेटी फुटून पाणी जाणं क्वचितच होतं. पाणी जातं ते ओ-रिंगवरून, झाकणाच्या कडेची ती रबरी रिंग. कुकरच्या रिंगवर भाताचं शीत अडकलं की शिट्टी होत नाही, तसंच हे, फक्त इथं एक केस किंवा वाळूचा एक कण पुरतो. आम्ही ओल्या झालेल्या पेट्या उघडल्या तेव्हा काय सापडलं सांगतो: कॅमेऱ्याच्या मनगटी पट्ट्याचा दोरा झाकणात अडकलेला, सिलिका जेलच्या पुडीचा कोपरा अडकलेला, टिशू पेपरनं रिंग पुसल्यामुळं राहिलेले धागे, आणि ओल्या डोक्यानं वाकून पेटी उघडली म्हणून पडलेला केस. हाउसिंगमध्ये घालताना पट्टा काढूनच टाका.

रिंग बोटानं दाबून वर काढायची, पिन किंवा नख लावायचं नाही. धागे न सोडणाऱ्या कापडानं ती आणि तिची खाच दोन्ही पुसा, बोटांमधून फिरवून कुठं खडबडीत लागते का बघा, मग त्या पेटीसोबत आलेलंच ग्रीस, फक्त चमक येईल एवढं. जास्त ग्रीस म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटतं पण ते कचरा पकडतं. पाणी अडवते रिंग, ग्रीस तिला फक्त नरम ठेवतं. व्हॅसलिन अजिबात नाही, रबर फुगतं. वर्षाला एकदा रिंग बदला, आणि एक जास्तीची सोबत न्या, अंदमानात स्वराजद्वीपवर (पूर्वीचं हॅवलॉक) तुमच्या मॉडेलची रिंग मिळेलच असं नाही. पहिल्या डाइव्हला पेटी रिकामी न्या, आत टिशू आणि थोडं वजन ठेवून, वर आल्यावर टिशू कोरडा असेल तरच दुसऱ्या डाइव्हला कॅमेरा घाला. घरच्या बादलीत बुडवून दाब येत नाही, बादलीत फक्त मोठी चूक पकडली जाते.

पेटीविना टीजी वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. बॅटरीचा आणि चार्जिंगचा असे त्याचे दोन दरवाजे, प्रत्येकाला रबर आणि प्रत्येकाला लॉक. रात्री चार्ज करून सकाळी लॉक अर्धवट, असे कॅमेरे बघितलेत आम्ही.

आत धुकं धरतं ही तक्रार उन्हाळ्यात फार येते, आणि त्याचं कारण बहुतेक घरातला कूलर निघतो. कूलरसमोर बसून पेटी बंद केली की ती ओली हवा आत कोंडली जाते, मग कॅमेरा गरम होतो, काच पाण्यानं थंड होते, आणि वाफ काचेवर बसते. कूलर बंद करून कोरड्या खोलीत बंद करा, हॉटेलवर एसीत, आणि सोबत ताजी सिलिका जेल. आणि मे महिन्यात पेटी गाडीत ठेवून देऊ नका, नागपूरच्या उन्हात बंद गाडीत रबराचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

डाइव्ह झाली की गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि बुडलेली असतानाच सगळी बटणं दाबा, म्हणजे आतलं मीठ निघतं. बोटीवरच्या सामायिक टबात टाकून निघून जाऊ नका, तिथं दुसऱ्यांचे वजनदार कॅमेरे तुमच्या काचेवर आपटतात. विमानात पेटीची मुख्य रिंग काढून वेगळी ठेवा, नाही तर दाबाच्या फरकामुळं झाकण नंतर उघडत नाही. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हँडबॅगमध्येच, चेक-इन बॅगेत टाकल्या तर एअरपोर्टवर बॅग उघडायला लावतात.

आमच्या पद्धतीबद्दल नाराजी ऐकायला येते म्हणून तेही सांगतो. आम्ही हाउसिंग दुकानात साठवून ठेवत नाही, कारण नागपुरात एका मॉडेलला वर्षात मोजकेच गिऱ्हाईक, आणि पडून राहिलेल्या पेटीची रिंग सुकते. ऑर्डर करून मागवतो, त्याला कधी तीन आठवडे लागतात कधी महिना, आणि ॲडव्हान्स घेतो कारण मागवलेली पेटी दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. खाऱ्या पाण्यात गेलेली पेटी परत घेत नाही. आणि पेटी तुम्हीच बंद करून द्या म्हटलं तर आम्ही करून देत नाही, तुम्हाला बसवून तुमच्याच हातानं रिंग काढून, पुसून, लावून, बंद करून घेतो, जमेपर्यंत. कोणाला हा वेळखाऊपणा वाटतो. पण बॅटरी रोज बदलावी लागते, तिकडं बोटीवर आम्ही नसतो. आमच्याकडून घेतलेल्या सेटला हे फुकट आहे, बाहेरून आणलेल्याला थोडा चार्ज लागतो, कारण त्याला तेवढाच वेळ जातो.

येताना जवळ असलेला कॅमेरा त्याच्या पूर्ण मॉडेल नंबरसह आणा, मार्क टू की थ्री ते बुडाशी लिहिलेलं असतं, कोर्सचं कार्ड आणा, आणि फ्लाइटची तारीख सांगा. निदान सहा आठवडे आधी या. मधल्या वारी दुपारी दुकान रिकामं असतं, तेव्हा आलात तर टीजी आणि सोनी दोन्हीच्या दाखवायच्या पेट्या टेबलावर काढून ठेवतो, हातात घेऊन, ग्लोव्ह्ज घालून बटणं दाबून बघा.