एका नोबेलमधल्या दोन पेशी

१९०८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांत विभागून दिलं गेलं. एक पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकॉफ, दुसरे जर्मनीचे पॉल एर्लिश. मेचनिकॉफ यांचं म्हणणं, शरीराचं रक्षण पेशी करतात. एर्लिश यांचा भर रक्तरसातल्या प्रतिद्रव्यांवर (अँटिबॉडींवर). नोबेल समितीने दोघांना एका पंक्तीला बसवून वाद मिटवला म्हणा किंवा टाळला म्हणा. आज आतडं आणि मेंदू यांच्यातल्या देवाणघेवाणीचा अभ्यास करणारे ज्या पेशींपाशी पुन्हापुन्हा येतात, त्यांतली एक मेचनिकॉफ यांची आणि दुसरी एर्लिश यांची. त्यांचं हे काम मात्र दोघांपैकी कुणालाच दिसलं नव्हतं.

एर्लिश यांना त्यांची पेशी १८७८ मध्ये, विद्यार्थिदशेतल्या प्रबंधासाठी कापडाचे रंग पेशींवर वापरून पाहताना सापडली. आत दाणेच दाणे. खाऊन फुगलेली असावी असं वाटून त्यांनी नाव दिलं ‘मास्ट’ (जर्मनमध्ये खाऊ घालून पोसणं) पेशी. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. या भक्षक पेशींतल्या मोठ्या पेशींना पुढे ‘मॅक्रोफेज’ हे नाव मिळालं.

मेचनिकॉफ यांना आतड्याचंही वेड होतं. मोठं आतडं म्हणजे कुजक्या घाणीचं कोठार, त्यातल्या विषामुळे म्हातारपण लवकर येतं, असं त्यांचं मत. उपाय म्हणून ते स्वतः रोज आंबवलेलं दूध घेत. आपल्या ताकभाताच्या जेवणाला त्यांनी पूर्ण गुण दिले असते. पण ज्या आतड्यावर त्यांनी एवढा राग धरला, त्याच्याच भिंतीत त्यांच्या मॅक्रोफेज पेशी ठाण मांडून बसल्या होत्या, तेही केवळ जंतू गिळायला नव्हे.

आतडं आणि मेंदू यांच्या नात्याचा शोध तोवर वेगळ्याच लोकांच्या हाती होता. अमेरिकी लष्करातले शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांच्या एका रुग्णाला १८२२ मध्ये बंदुकीची गोळी लागली आणि त्याच्या जठराला बाहेरून भोक राहिलं. त्यातून वर्षानुवर्षं डोकावताना, माणूस चिडला की पचन बिघडतं, हे बोमाँट यांनी नोंदवलं. पुढे वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांत पाहिलं की मांजर बिथरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते. भीतीने पोटात गोळा येतो हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण या सगळ्यात कर्ता-करविता मज्जातंतू होता. मॅक्रोफेज, मास्ट अशा प्रतिकारपेशींची प्रयोगशाळा निराळी आणि त्यांचा मेंदूशी काही संबंध असेल हा विचारही निराळाच.

मेंदू आणि प्रतिकारपेशी यांच्या अभ्यासांतली ही भिंत पडली उंदरांच्या पाण्यामुळे. अमेरिकेत रॉचेस्टर इथे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एडर उंदरांना सॅकरिन घातलेलं गोड पाणी देत आणि सोबत पोट ढवळून काढणारं सायक्लोफॉस्फमाइड हे औषध टोचत. उंदीर ती चव टाळायला शिकले, इथवर ठीक. नंतर औषध बंद झालं, नुसतं गोड पाणी उरलं, तरी काही उंदीर मरू लागले. सायक्लोफॉस्फमाइड प्रतिकारशक्तीही दाबतं. मग आता नुसत्या चवीनेच ती दबत असेल का? प्रतिकारशास्त्रज्ञ निकोलस कोहेन यांना सोबत घेऊन एडर यांनी १९७५ मध्ये दाखवलं की हो, अशा उंदरांत प्रतिद्रव्यं कमी तयार होतात. बऱ्याच जणांना हे पटलं नाही. मेंदूतला निरोप पेशींपर्यंत पोचवणार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

त्याचं एक उत्तर २००० साली केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने दिलं. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला विजेचे हलके झटके दिले की जंतुविषाने उसळणारा दाह उंदरांत ओसरतो. या तंतूच्या टोकाशी निघणारं ॲसिटिलकोलिन हे निरोप्या रसायन मॅक्रोफेजना आवरतं. आणि २०१४ मध्ये आतड्याच्या स्नायूथरातल्या मॅक्रोफेजचं काम उघड झालं: त्या शेजारच्या चेतापेशींना रासायनिक इशारे देतात, चेतापेशी त्यांना जगवणारं द्रव्य पुरवतात. या मॅक्रोफेज काढून टाकल्या की उंदरांच्या आतड्याची लय बिघडते.

‘७० टक्के प्रतिकारशक्ती पोटात’ हे वाक्य या काळात फार फिरलं. २०२३ मध्ये शरीरातल्या प्रतिकारपेशींची पद्धतशीर मोजदाद झाली, सुमारे १.८ लाख कोटी पेशी आणि १.२ किलो वजन, तेव्हा आतड्याचा वाटा त्याहून कितीतरी कमी भरला. महत्त्व संख्येला नाही, जागेला आहे.

जागेचा मुद्दा मास्ट पेशींनी सर्वांत ठळक केला. आयबीएस म्हणजे वारंवार पोट दुखणं आणि शौचाच्या तक्रारी असलेला आतड्याचा विकार. त्याच्या रुग्णांना तपासणीत काही दिसत नाही म्हणून ‘मनाचा आजार’ ठरवून घरी पाठवलं जाई. २००४ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की या रुग्णांच्या आतड्यात मास्ट पेशी मज्जातंतूंना खेटून असतात आणि जितक्या जवळ तितकं दुखणं जास्त. २०२१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या गटाने पुढचा दुवा जोडला. उंदरांत पोटाच्या संसर्गाच्या वेळी खाल्लेल्या अन्नाला आतडं शत्रू समजतं. संसर्ग गेल्यावरही ते अन्न आलं की मास्ट पेशी फुटतात, हिस्टामिन हे ॲलर्जीत त्रास देणारं रसायन बाहेर पडतं, मज्जातंतू चेततात. मग त्यांनी आयबीएसच्या १२ रुग्णांच्या आतड्यात गहू, ग्लुटेन, सोया आणि गाईचं दूध यांचे अंश टोचून पाहिले. बाराही जणांत कशावर ना कशावर स्थानिक प्रतिक्रिया उमटली. याच गटाने त्याआधी, २०१६ मध्ये, ॲलर्जीवरची एबास्टिन ही जुनी गोळी अशा रुग्णांना देऊन पाहिली होती. त्यांची पोटदुखी कमी झाली होती.